गवयाचा अर्ज

परीक्षांचे निकाल लागले की संगीताचे विद्यार्थी, आणि पुष्कळदा त्यांचे पालकही, एक कागद घेऊन माझ्याकडे येतात. कोणी त्याला बायोडाटा म्हणतो, कोणी रेझ्युमे, कोणी सीव्ही. "सर, अर्जाबरोबर जोडायचा आहे, जरा नजर टाका," असे म्हणून तो पुढे करतात. वर्षानुवर्षे अशी नजर टाकून माझे एक मत बनले आहे, आणि ते कोणास कडू वाटले तरी मांडावयास हवे. आमच्या जुन्या मराठी घरांतील मुले गातात चांगली, वाजवितात चांगली. परंतु आपल्याला काय येते हे एका पानावर सांगण्याची वेळ आली की त्यांची बोबडी वळते. मग ती एक तर लग्नाचा कागद लिहितात, नाही तर कोणा दुसऱ्याचा कागद उतरवून काढतात. आणि जी जागा त्यांना मिळावयाची ती कमी तयारीच्या, पण कागद नीट लिहिणाऱ्या उमेदवाराकडे जाते.

लग्नाचा कागद म्हणतो तो अक्षरशः. माथ्यावर '॥ श्री ॥'. खाली संपूर्ण नाव, जन्मतारीख, उंची, रक्तगट, जात-पोटजात, वडिलांचे नाव व त्यांचा निवृत्तीपूर्वीचा हुद्दा, आईचे नाव, भावंडे किती व कोठे स्थायिक. एकाने तर जन्मवेळही दिली होती. शाळेच्या मुख्याध्यापिकेने पत्रिका जुळवून पाहावी अशी त्याची अपेक्षा होती की काय, कोण जाणे! अर्धे पान याप्रमाणे संपल्यावर शिक्षण येते आणि सर्वांत शेवटी, 'छंद' या सदराखाली, वाचन व प्रवास यांच्या मध्ये बसलेले गायन येते. अर्ज कशासाठी, तर गायनशिक्षकाच्या जागेसाठी. चौदा वर्षे तंबोऱ्यापुढे बसलेल्या मुलाने गायन हा आपला छंद आहे असे लिहावे आणि वाचणाऱ्याने त्यास गायनशिक्षक समजावे!

दुसरा प्रकार अलीकडचा. यात डाव्या बाजूस रंगीत पट्टा, त्यात वर्तुळात छायाचित्र, आणि त्याखाली गुणांची मोजपट्टी : गायन चार तारे, हार्मोनियम ऐंशी टक्के, तबला साठ टक्के. ऐंशी टक्के हार्मोनियम म्हणजे काय, हे मला अद्याप कोणी समजावून देऊ शकलेले नाही. उरलेले वीस टक्के कोठे आहेत? वरती एक उद्दिष्ट असते : 'नामांकित संस्थेत काम करून आपल्या व संस्थेच्या प्रगतीस हातभार लावणे.' खाली प्रामाणिक, मेहनती, वक्तशीर. हा कागद हिशेबनिसाचा आहे, औषधविक्रेत्याचा आहे की गवयाचा आहे, हे नाव झाकल्यास ओळखता येणार नाही.

पहिल्या कागदाची मुळे आपल्या घरांत आहेत. आपल्याकडे स्वतःविषयी बोलणे हे असंस्कृतपणाचे लक्षण मानले गेले. गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावावयाचा आणि स्वतःविषयी विचारले तर "थोडेफार गुणगुणतो" म्हणावयाचे. जो खरोखर थोडेफार गुणगुणतो तोही तेच म्हणतो आणि जो दोन तास मारवा मांडू शकतो तोही तेच म्हणतो. बैठकीत ही रीत शोभते, कारण पाच मिनिटांनी गाणे सुरू होते आणि खरे काय ते कळते. माझ्या वडिलांना राजवाड्यातली चाकरी मिळाली ती गाऊन. त्यांनी आयुष्यात स्वतःच्या गुणांचे टिपण केले नाही, त्यांना ते कोणी मागितलेही नाही. परंतु आज गाणे ऐकण्याआधी कागद वाचला जातो, आणि कागदावर "थोडेफार" लिहिणाऱ्याला गाण्यासाठी बोलावणेच येत नाही. विनय दाखविण्याची जागा बदलली आहे, हे आमच्या घरांनी अजून लक्षात घेतलेले नाही.

संस्थानी काळात सारे काही वशिल्याने आणि चिठ्ठीने चाले, कागदपत्रांची कटकट नव्हती, अशी एक गोड समजूत आपल्या गावात आहे. तीही फार खरी नाही. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात गवई-वादकांसाठी 'कलावंत कारखाना' या नावाचे रीतसर खाते होते. चाकरीचे, रजेचे नियम होते. मौलाबक्षांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली ती गाणे लिपीत लिहून शिकविण्यासाठी. कागद आणि गाणे यांची गाठ या शहरात तेव्हाच पडली आहे. मौलाबक्षांवर त्या काळी टीका झाली ती याच कारणाने, की गळ्यातली विद्या कागदावर कशी उतरणार? आज बायोडाट्यासंबंधी आमची मंडळी नेमकी हीच शंका काढतात. पूर्ण उतरणार नाहीच. स्वरलिपीतही पूर्ण उतरत नाही. पण स्वरलिपी वाचून जाणकाराला चीज कोणती हे कळते, आणि तेवढ्यासाठी ती असते.

आणि आपल्या परंपरेत कलावंत स्वतःचे नाव घेतच नाही, हे तरी कोठे खरे आहे? ख्यालाच्या बंदिशींतून 'सदारंग' हे नाव आपण बालपणापासून गात आलो. ते मुहम्मदशहाच्या दरबारातील न्यामतखाँचे. याच बडोद्यात दरबारी गायक असलेले फैयाजखाँसाहेब आपल्या बंदिशींत 'प्रेमपिया' ही मुद्रा घालीत. भातखंडे 'चतुर' म्हणून आपली सही ठेवून गेले. बंदिशीत रचनाकाराचे नाव येते, बहुधा अंतऱ्यात, आपल्या ठरलेल्या जागी, आणि त्यात कोणालाही गर्व दिसत नाही. नाव घेण्याला एक आकार ठरवून दिलेला आहे, त्या आकारात ते चपखल बसते. पदव्यांचे मात्र निराळे. 'आफताब-ए-मौसिकी' हा किताब खाँसाहेबांना म्हैसूरच्या दरबाराने दिला. त्यांनी तो स्वतःला लावून घेतला नव्हता. हल्लीच्या काही कागदांवर 'सुप्रसिद्ध युवा गायक' हे विशेषण उमेदवार स्वतःच स्वतःला लावतो, तेव्हा मात्र मला "थोडेफार गुणगुणतो" म्हणणारा बरा वाटू लागतो.

तेव्हा लिहावयाचे काय? माझे उत्तर असे की ज्याच्याकडे अर्ज करावयाचा त्याला कशाची गरज आहे, ते आधी वाचावे आणि आपल्या पोतडीतून तेवढेच बाहेर काढून वर ठेवावे. याला काही लोक लबाडी म्हणतात. "माणूस एकच, मग कागद चार कसे?" असे एका पालकाने मला तावातावाने विचारले. गवई एकच असतो, पण सकाळच्या बैठकीत तो तोडी गातो आणि रात्री मालकंस. देवळात भजन गातो, लग्नाच्या मांडवात नाट्यगीत गातो. गळा तोच. मांडवात बसलेल्या वऱ्हाडी मंडळींना विलंबित ऐकवून आपली विद्वत्ता सिद्ध करणाऱ्या गवयास आपण प्रामाणिक म्हणत नाही, मूर्ख म्हणतो.

या बाबतीत एक फार जुना आणि फार मोठ्या माणसाचा अर्ज आठवतो. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा व्हिंची फ्लॉरेन्स सोडून मिलानला गेला. वय सुमारे तीस. तेथील सत्ताधारी लुडोविको स्फोर्झा याच्याकडे चाकरी मागण्यासाठी तयार केलेल्या पत्राचा मसुदा मिलानच्या ग्रंथालयात अजून जपून ठेवला आहे. जगातला एवढा थोर चित्रकार, त्याने प्रथम काय लिहावे? हलके, उचलून नेता येणारे पूल. वेढा पडलेल्या किल्ल्याच्या खंदकातले पाणी काढण्याच्या युक्त्या. तोफा, झाकलेले रणगाडे, नौका. एकामागून एक मुद्दे युद्धाचे. शांततेच्या काळात इमारती बांधीन, पाणी एका जागेहून दुसरीकडे नेईन, हे त्यानंतर. आणि चित्रकला? ती अगदी अखेरीस, जाता जाता. कारण उघड आहे. इटलीतील ती राज्ये सतत लढायांत गुंतलेली, आणि त्या वर्षी मिलानही व्हेनिसविरुद्धच्या युद्धात उतरलेले. त्या दरबाराला चित्रापेक्षा पुलाची निकड होती. लिओनार्दोने स्वतःला बदलले नाही, क्रम बदलला. पुढे त्याच लुडोविकोने त्याच्याकडून मिलानच्या मठातील भिंतीवर 'शेवटचे भोजन' काढून घेतले.

या पत्रातील आणखी दोन गोष्टी आमच्या मुलांनी पाहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, हा डावखुरा माणूस आरशात पाहिल्यासारखे उलटे लिहीत असे, पण हा मसुदा सरळ, सुवाच्य अक्षरात आहे. जाणकारांच्या मते तो दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेतलेला असावा. वाचणाऱ्याला त्रास होऊ नये एवढी काळजी त्याने घेतली होती. दुसरी गोष्ट शेवटची. यातले काही अशक्य वाटत असेल तर तुमच्या बागेत किंवा म्हणाल तेथे प्रयोग करून दाखवितो, असे तो म्हणतो. त्या यादीतले किती त्याने आधी प्रत्यक्ष केले होते, याची शंका घेणारे आहेत आणि ती शंका वाजवी आहे. पण परीक्षेस उभे राहण्याची तयारी त्याने आपणहून लिहून दिली. "बसवून ऐका" असे म्हणण्याची धमक हीच आहे. गंमत अशी की, वासारी या सोळाव्या शतकातील चरित्रकाराच्या म्हणण्याप्रमाणे लिओनार्दो त्या दरबारात गेला तो चांदीचे तंतुवाद्य घेऊन, वादक म्हणून! पत्रात त्या वाजविण्याचा शब्दही नाही.

आता आपल्या गावातले उदाहरण घेऊ. समजा, एका मुलीने आपल्या विद्यापीठातून गायनाची पदवी घेतली आहे, गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद पूर्ण झाली आहे, आकाशवाणीची सुगम गायनाची 'ब' श्रेणी तिला आहे, आणि नऊ वर्षे ती रावपुऱ्यातील एका महिला भजनी मंडळास पेटीची साथ करते आहे. तिला तीन ठिकाणी अर्ज करावयाचे आहेत.

खासगी शाळेला गवई नको असतो. शाळेला हवा असतो चाळीस मुलांना एका सुरात आणणारा, प्रार्थना बसविणारा, स्नेहसंमेलनाच्या आधी पंधरा दिवस डोके शांत ठेवणारा माणूस. तेथे पेटी सर्वांत वर जाते. भजनी मंडळाची नऊ वर्षे, जी तिने कागदावर घेतलीच नव्हती, ती तेथे दुसऱ्या ओळीत जातात; कारण वेगवेगळ्या पट्टीच्या पंधरा-वीस बायकांना एका पट्टीत गावयास लावणे हे शाळेतल्या कामाच्या सर्वांत जवळचे काम आहे. समूहगीते किती बसविली, कोणत्या वयाची मुले, किती संख्या, हे आकड्यांत लिहावे. आणि भाषा लिहाव्यात! आमची मुले घरात मराठी बोलतात, रस्त्यावर गुजराती, बंदिशीतून ब्रज गातात, हिंदी-इंग्रजी शाळेत शिकतात. एवढी संपत्ती असून कागदावर त्यांचा उल्लेख नसतो, कारण त्यांना ते विशेष वाटतच नाही. बडोद्याच्या शाळेत तिन्ही भाषांतून गाणी शिकवू शकणारी बाई किती मोलाची असते, हे शाळेला विचारावे.

परदेशातल्या मुलांना संगणकाच्या पडद्यावरून शिकविणाऱ्या संस्थेकडे अर्ज करावयाचा असेल तर तोच कागद पुन्हा उलटापालटा करावा लागेल. 'विशारद' हा शब्द नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत कळतो, न्यू जर्सीतल्या व्यवस्थापकास कळेलच असे नाही. तेथे 'सात परीक्षांच्या क्रमातील सातवी, लेखी व प्रात्यक्षिक दोन्ही' असे उलगडून लिहावे. भातखंडे आणि पलुस्कर या दोन्ही पद्धतींची स्वरलिपी वाचता येते, हे लिहावे. पाश्चात्य लिपी येत असेल तर तेही. अमेरिकेत किंवा इंग्लंडात जाणाऱ्या कागदावर छायाचित्र, वय, धर्म, लग्न झाले की नाही, यांपैकी काहीही लिहू नये. भेदभावाचा आरोप नको म्हणून तेथले लोक असला मजकूर पाहावयासच कचरतात. आधार कार्डाचा क्रमांक तर कोणत्याच कागदावर घालू नये. मी तो पुष्कळ अर्जांवर, ठळक अक्षरांत, पाहिला आहे.

तिसरे ठिकाण सरकारी. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक विभागासाठी संगीतशिक्षकाची जागा असते. अशा भरतीत अर्जाचा नमुना ठरलेला असतो आणि तेथे आपली कलाकुसर चालत नाही. जाहिरातीतील पात्रतेचे शब्द जसेच्या तसे वाचून प्रत्येक रकाना भरावा, टक्केवारी दशांशापर्यंत द्यावी, दाखल्यावरील शब्द बदलू नयेत. येथे 'बी. म्यूझ.' आणि 'बी. ए., संगीत' यांत गफलत केली तर अर्ज छाननीतच बाद होतो. आकाशवाणीच्या श्रेणीचेही तसेच. श्रेणी शास्त्रीय गायनाची की सुगमची, हे न लिहिता नुसते 'आकाशवाणी कलाकार' असे लिहिणारे अनेक आहेत. काहींच्या बाबतीत ते अज्ञान असते. काहींच्या बाबतीत नसते.

गुरूचे नाव लिहावे की नाही? अवश्य लिहावे, आणि कोणाकडे किती वर्षे, ते सन घालून लिहावे. ही नुसती भक्ती नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली केलेल्या नियमांत संगीताच्या सहायक प्राध्यापकासाठी नेहमीच्या पदव्यांखेरीज एक दुसरी वाटही ठेवली आहे. परंपरेतील नामवंत गुरूकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनची 'अ' श्रेणी असलेला, विषय सोदाहरण समजावून सांगू शकणारा कलावंत त्या वाटेने येऊ शकतो. म्हणजे गुरूपाशी काढलेली वर्षे ही आज कायद्याच्या कागदावरही पात्रता आहे. मात्र दोन दिवसांच्या शिबिरात ज्यांना लांबून पाहिले त्यांचेही नाव गुरूंच्या रांगेत घालणे, ही खोटी साक्ष आहे. शिबिराला शिबिर म्हणावे.

आणि बापाचे नाव? येथे मी माझ्याच जातकुळीच्या लोकांना दुखवणार आहे. 'दरबारी गायकांच्या घराण्यात जन्म', 'संगीताचा वारसा रक्तातून लाभलेला', अशी वाक्ये अर्जात नकोत. रक्तातून रक्तगट लाभतो. मी दरबारी गवयाचा मुलगा. त्यामुळे लहानपणी कानावर जे पडले त्याचा मला उपयोग झाला, हे खरे. पण उपयोग झाला की नाही, हे माझे गाणे व माझे विद्यार्थी सांगतील. माझा जन्म सांगणार नाही. पणजोबा वाड्यावर सनई वाजवीत होते हे सांगून नोकरी मागणारा तरुण, स्वतःला काय वाजविता येते हे विचारले की खिडकीबाहेर पाहू लागतो, असे मी निवडसमितीत बसून पाहिले आहे. वडील शिकवीत असतील तर 'वडिलांकडे अकरा वर्षे तालीम' असे लिहावे. ते काम आहे, वारसा नव्हे.

मांडणीविषयी थोडेसे. पान एकच असावे. पंचवीस वर्षांचा अनुभव असेल तर दोन. सर्वांत अलीकडचे काम वर, जुने खाली. मराठी वा गुजराती मजकूर युनिकोडमध्ये लिहावा. अजूनही आपल्या गल्लीतील टंकलेखनवाले 'शिवाजी', 'कृतिदेव' अशा जुन्या फाँटात लिहून देतात. ती फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की 'संगीत' या शब्दाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि वाचणारा फाईल बंद करतो. म्हणून पाठविण्यापूर्वी पीडीएफ करावी आणि ती दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडून पाहावी. मोठ्या संस्थांत हल्ली माणसाआधी यंत्र अर्ज वाचते. ते रंगीत पट्टे, दुहेरी रकाने व तारे पाहून गोंधळते, आणि जाहिरातीतले शब्द अर्जात आहेत का, एवढेच शोधते. जाहिरातीत 'हार्मोनियम' असेल तर आपणही हार्मोनियम लिहावे. 'पेटी' लिहून मराठी बाणा राखण्याचे ते ठिकाण नव्हे. फाईलला स्वतःचे नाव द्यावे. 'नवीन बायोडाटा फायनल २' असे नाव असलेल्या फायली माझ्यापाशी इतक्या साठल्या आहेत की कोणती कोणाची, ते मला उघडल्यावाचून कळत नाही.

आता तर यंत्राला सांगितले की तेच परिचय लिहून देते. भाषा सुधारण्यासाठी त्याची मदत घेण्यास माझी हरकत नाही. परंतु एका विद्यार्थ्याच्या परिचयात त्याने 'देशविदेशांतील रसिकांची दाद मिळविलेला' असे लिहिले होते. हा मुलगा गाण्यासाठी नडियादपलीकडे गेलेला नाही. "सर, ऐकायला बरे वाटले म्हणून ठेवले," असे तो म्हणाला. साथीदाराने गवयाच्या पुढे जाऊन समेवर यावे, तसा हा प्रकार. समितीतल्या एखाद्याने "विदेशात कोठे?" एवढेच विचारले की बैठक संपली.

सर्वांत मोठे नुकसान मात्र मुलांचे होत नाही, बायकांचे होते. आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, मांडवीच्या आसपास, आपल्या घरांत अशा किती तरी स्त्रिया आहेत ज्यांनी लग्नानंतर वीस-वीस वर्षे दुपारच्या वेळी ओटीवर बसून आळीतल्या मुलांना गाणे शिकविले. फी घेतली तर नावाला, पुष्कळदा तीही नाही. अशा एक वहिनी, वय पन्नाशीपुढे, यजमानांच्या आजारपणानंतर नोकरी शोधू लागल्या. त्यांनी आणलेल्या कागदावर विवाहापूर्वीचे शिक्षण होते आणि त्यानंतर एकच शब्द : 'गृहिणी'. मधली बावीस वर्षे कोरी. मी विचारले, "शिकविलेल्या मुलांपैकी परीक्षेला किती बसली?" त्या म्हणाल्या, "ते काय मोजायचे? आळीतलीच मुले." त्यांच्या कन्येने जुन्या वह्या काढल्या. नावे मोजली. प्रारंभिकपासून मध्यमा पूर्णपर्यंत त्यांनी बसविलेले विद्यार्थी साठावर निघाले, आणि त्यांतली तिघे आज स्वतः शिकवितात.

वहिनींचे यजमान खाटेवरून म्हणाले की घरातल्या गोष्टी अशा बाहेर लिहिणे बरे दिसत नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण बाहेर जाऊन केलेले ते काम आणि घरात केले तर ते काहीच नव्हे, हा हिशेब कोणी ठरविला? 'गृहिणी' हा शब्द काढला. त्या जागी लिहिले : स्वतंत्र गायनशिक्षिका, आठवड्यास चार वर्ग, सन अमुक ते आजपर्यंत, विद्यार्थी इतके, परीक्षा या या. एकही शब्द फुगविलेला नाही. त्या कागदावर त्यांना मुलाखतीचे बोलावणे आले आणि तेथून पुढचे त्यांनी स्वतःच्या गळ्यावर निभावून नेले.

अडचण आली ती दाखल्यांची. आपल्या जुन्या घरांत लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, पाळण्यातले नावही बदलण्याची चाल होती. विशारदाचा दाखला एका नावाचा, आधार कार्ड दुसऱ्या नावाचे, बँकेचे खाते तिसऱ्या लेखनाचे. छाननी करणाऱ्या कारकुनास ही तीन माणसे वाटतात. अशा बाईने परिचयाच्या पहिल्याच ओळीत चालू नाव आणि कंसात माहेरचे नाव लिहावे, विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडावा, आणि सरकारी जागा असेल तर नावबदलाचे प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील नोंद आधीच करून ठेवावी; जाहिरात निघाल्यावर पंधरा दिवसांत ते होत नाही. आकाशवाणीची करारपत्रे, देवळातल्या उत्सवांच्या कार्यक्रमपत्रिका, मुलांच्या परीक्षांच्या निकालपत्रांच्या प्रती, हेही सारे एका जागी असावे. बहुतेक घरांत ते कपाटाच्या खालच्या खणात, लग्नाच्या शालूखाली, घडी करून ठेवलेले सापडेल. घडीवर फाटण्याआधी ते काढून त्याच्या प्रती करून घ्याव्यात.